सोन्याच्या गोळीची थरथर

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. विटा

"तू जे शोधतीस ते हाय का न्हाई, ह्ये तरी ठरलंय का?" अम्मीने आज भाकरी थापता थापता विचारलं. सहा वर्षं शिकले, घरातली पहिली पदवीधर, आणि एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

म्हटलं, "ठरलेलं नाही, म्हणूनच शोधतोय."

"आन् न्हाई घावलं तर?"

इथेच घोटाळा होतो. आम्हाला ते न सापडणंच हवं आहे. प्रकाश कणाकणाने येतो, विजेचंही तसंच. गुरुत्वाकर्षणाचं तसं आहे का, म्हणजे ते क्वांटम आहे का, हे कुणालाच ठाऊक नाही, कारण त्याचा एकटा कण पकडणं जवळपास अशक्य. पण काही सिद्धांत सांगतात की गुरुत्व क्वांटम नसेल, तर त्यात कायमची एक बारीक थरथर असलीच पाहिजे. म्हणून आम्ही थरथर शोधतो. नाही सापडली तर गुरुत्व क्वांटम असण्याच्या बाजूने थोडासा पुरावा. थोडासाच.

अम्मीने तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजे न्हाई घावलं की तुमचं काम झालं? असली कसली गे नोकरी?"

अब्बा पितळी तांब्यातून पाणी पीत होते. हसले नाहीत. "गोळ्या ठीक हायत न्हवं?" एवढंच विचारलं. ठीक आहेत म्हटलं. प्रयोगातल्या दोन्ही सोन्याच्या गोळ्या त्यांच्या हातच्या. तीस वर्षं मदुराईत गलाईच्या दुकानात सोनं शुद्ध करत होते, आता इथेच विट्यात एका भट्टीवर आहेत. जगातल्या किती संशोधकांचा नमुना त्यांच्या बापाने घडवलेला असेल?

१२ नोव्हेंबर, बुधवार. सातारा

कालपासूनची रेघ आज वाचली. थरथर आहे.

आधी हवा काढणाऱ्या पंपाची शंका घेतली. दादासोंनी पंप बंद करून पाहिला. तरी आहे. दादासो आमचे प्रयोगशाळेतले मेकॅनिक. टेकडीवरच्या जुन्या इमारतीचं हे तळघर त्यांनी आणि मी मिळून झाडून काढलं. मध्ये हवा काढून घेतलेली टाकी, तिच्यात केसाहून बारीक तारेला आडवी टांगलेली काचेची दांडी, दांडीच्या दोन टोकांना अब्बांच्या दोन गोळ्या. तार पिळली की दांडीवरच्या आरशातून येणारा प्रकाशाचा ठिपका सरकतो, आणि संगणक त्याची रेघ काढतो.

"सोन्याची हाय म्हणून एवढी सरबराई," दादासो म्हणाले. "आमाला कुणी टांगून बी इचारत न्हाई."

हसले, आणि रेघ परत पहिल्यापासून वाचली. थरथर अगदी बारीक आहे, सिद्धांतात सांगितलेल्या हद्दीत बसेल इतकी. बसायला नको होती.

१३ नोव्हेंबर

सगळं पहिल्यापासून तपासते आहे. नमुन्याचा तक्ता काढला. एप्रिलमध्ये माझ्याच अक्षरात भरलेला. "अशुद्धी: नाही." तेव्हा अब्बांना फोनवर विचारलं होतं, खोट नाही ना? ते दुखावले होते. "खोट? मला इचारतीस?" शिवाय विट्यातल्या टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढायच्या यंत्राची चिठ्ठी जोडलेली आहे. सोनं, चांदी, तांबं, जस्त. सोन्याच्या पुढे चार वेळा नऊ, बाकी शून्य. म्हणजे गोळ्यांचा प्रश्न नाही. तक्ता परत ठेवून दिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझे मार्गदर्शक चौगुले सर आज सांगलीहून आले. तिसऱ्या मोजणीची रेघ पाहून खुर्चीतून उठले आणि परत बसले. मग म्हणाले, "नौशीन, गुरुत्व क्वांटम नाही. तुला कळतंय का, आपण काय पाहतोय?"

मला कळत नव्हतं. मी मनात तिसऱ्यांदा पंप तपासत होते. पण सरांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मे महिन्यात ते निवृत्त होणार. कायम दुसऱ्यांच्या प्रयोगांवरची गणितं फळ्यावर सोडवत आलेला माणूस. बंगळूरच्या जानेवारीतल्या परिषदेला शोधनिबंध पाठवायचं ठरलं. माझं नाव पहिलं, कारण मोजमाप माझं. परिषदेच्या संकेतस्थळावर खातंही माझंच उघडलं. आभारात अब्बांचं नाव घालू का विचारलं, तर सर म्हणाले, "घालायलाच हवं."

आनंद व्हायला हवा. मी परत पंपाची नोंदवही काढून बसले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन गोष्टी लिहून ठेवते.

एक. काल रविवारी थरथर जवळजवळ नव्हती. मागच्या रविवारची रेघही काढून पाहिली. तेव्हाही तसंच. गुरुत्वाकर्षणाला साप्ताहिक सुट्टी कशी असेल? रविवारी काय बंद असतं? टेकडीखाली आयटीआय आहे, तिथला वेल्डिंगचा वर्ग. पण वेल्डिंगने जमीन हादरत असती तर आमच्या कंपमापकावर दिसली असती. तिथे काहीच नाही. जमीन न हलवता वेल्डिंगच्या यंत्रातून इथवर काय येईल? वीज, चुंबकीय क्षेत्र. पण सोन्याला चुंबक ओढत नाही, म्हणून तर सोनं निवडलं. पुढे सुचत नाही.

दोन. दादासोंनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट सरकवलं, तेव्हा ठिपका सरकला आणि तिकडेच राहिला.

"मॅडम, कपाट हललं तसं ह्येनं बी मान वळवली. बघितलं का?"

"धक्का लागला असेल."

"धक्का लागला तर परत जाग्याव येत असतंय. ह्यो गेला तो गेलाच."

मी त्यांना जरा तोडूनच बोलले. संध्याकाळी चहा त्यांनीच आणून दिला. वाईट वाटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना रविवारचं सांगितलं आणि म्हटलं, टाकीजवळ मोठं चुंबक धरून पाहूया. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढून पुसला. "करू. परिषद होऊ दे." त्यांच्यावर कामाचा ताण फार आहे.

अब्बांचा फोन आला. गोळ्या अजून चकाकतात का, विचारत होते. म्हटलं, आरसा लावायची गरज नाही इतक्या. खूश झाले.

३ डिसेंबर, बुधवार

परिषदेने निबंध स्वीकारला. वीस मिनिटं बोलायचं आहे, तिसऱ्या दिवशी सकाळी.

घरी कळवायला नको होतं. अब्बांच्या भट्टीचे मालक जोतीराम शेठ, त्यांनी सगळ्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. मदुराई, कोईमतूर, कुठून कुठून विट्याच्या माणसांचे संदेश येत आहेत. "दस्तगीरच्या सोन्यानं शास्त्रज्ञांना येडं केलं." दस्तगीर म्हणजे अब्बा. एकाने तर लिहिलं आहे, "खोट काढणाऱ्याची लेक गुरुत्वाकर्षणाची खोट काढती."

आठवडाभर नीट झोप नाही. डोळा लागला की वाटतं मी व्यासपीठावर आहे आणि कुणीतरी मागून विचारतं, रविवारी काय होतं?

७ डिसेंबर, रविवार

सरांना न विचारता केलं. आधी हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी स्वतःशी दुसरं काही सांगणार नाही.

आज वेल्डिंग बंद, रेघ शांत. दादासोंनी त्यांच्या गल्लीतल्या मंडळाच्या फुटक्या लाउडस्पीकरचं चुंबक आणलं. टाकीपासून हातभर लांब धरलं. ठिपका चुंबकाच्या बाजूला सरकला. चुंबक उलटं करून धरलं. तरी त्याच बाजूला. लांब नेलं, परत आला. दहा वेळा केलं. दहा वेळा तेच.

मग टाकी उघडली. एक गोळी रेशमी दोऱ्याला टांगली आणि चुंबक जवळ नेलं. केसभर हलली. तेवढं पुरे होतं. शुद्ध सोनं चुंबकाकडे जात नाही. गोळीत कुठेतरी लोखंड आहे.

दादासोंनी चुंबक नेऊन लांब ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, आता ह्ये कुणाकुणाला म्हाईत हाय?"

"तुम्हाला आणि मला."

"मग जरा दम खावा. लगीच फोन लावू नगा."

मी त्यांच्या बोलण्यावर रागावले नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

९ डिसेंबर, मंगळवार. सांगली

सरांच्या घरी गेले. पाच वाजून गेले होते. सर जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. गुणमाला काकूंनी पाटच मांडले. "आधी जेवा, मग बोला. दिवस मावळला की ह्यांचं ताट उचललं जातं, म्हाईत हाय न्हवं तुला?"

मी जेवता जेवता सांगून टाकलं. चुंबक, दोरा, दहाच्या दहा वेळा. सर वरणभात कालवत होते, थांबले.

"लोखंडामुळे किती थरथर आणि उरते किती, हे वेगळं करता येईल," सर म्हणाले. "परिषदेनंतर."

"उरलीच नाही तर, सर?"

"पस्तीस वर्षं मी पोरांना दुसऱ्यांनी काय शोधलं ते शिकवलं, नौशीन."

काकू वाटी घेऊन उभ्याच राहिल्या. खिडकीबाहेरचा उजेड जात होता आणि सरांच्या ताटातला भात तसाच होता. मग सर म्हणाले, "निबंधावर तुझं नाव पहिलं आहे. मागे घ्यायचा तर तुझ्याच खात्यातून घेता येतो. मी तुला कर म्हणणार नाही. करू नको असंही म्हणणार नाही."

अंधार पडला. काकूंनी ताट उचललं. सर उपाशीच उठले. सरांचा माझ्यावर इतका राग मी कधी पाहिला नव्हता.

एसटीत बसून विचार केला, अजून एक गोष्ट कळलेली नाही. लोखंड आलं कुठून?

१२ डिसेंबर, शुक्रवार. विटा

अब्बा जुम्म्याची नमाज पढून भट्टीवर आले, मी तिथेच थांबले होते. विचारलं, "गोळ्या केल्यात तेव्हा शेवटी काय केलं होतं?"

त्यांना वाटलं मला परिषदेत सांगायला हवं आहे. उत्साहाने दाखवायला लागले. कोळशात खळगा, त्यात सोन्याचा थेंब, थेंब आपोआप गोल होतो. "पर वरनं खरबरीत व्हती. तशी कशी द्यायची लेकीला? मग ही फिरवली. एकेका गोळीला तीन तीन दिस." फडक्यातून त्यांनी ओपणी काढली. लाकडी मुठीची, पोलादी, बोटाएवढी, आरशासारखी गुळगुळीत. सोन्यावर घासून चकाकी आणायची. "आमच्या आज्याची. शिकलगार म्हंजे तलवारीला पाणी देणारं आपण. ही त्या वक्ताची हाय."

मी ती हातात घेतली आणि सगळं कळलं: घासताना पोलादाचे कण सोन्यात बसले असणार.

त्यांना ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "लोखंड म्हंजे खोट न्हवं. खोट म्हंजे तांबं, चांदी, जे फसवायला मिसळत्यात. लोखंड काय, मुशीत सोनं वितळलं की टाकणखाराबरुबर मळागत निघून जातंय. त्ये कोण मोजतंय?"

"मी मोजते, अब्बा."

"मग तसं इचारायचं. तू खोट हाय का इचारलंस. खोट न्हवती."

खरं आहे. खोट हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि त्यांच्याच शब्दात विचारलं. टंचाच्या चिठ्ठीवरही लोखंडाचा रकाना नव्हता. तक्त्यावर मात्र माझ्या शब्दात लिहिलं: "अशुद्धी: नाही."

"आण त्या गोळ्या," ते म्हणाले. "आत्ता वितळवतो. मदुराईच्या दुकानात रीत व्हती, चुकीचा माल परत आला की त्याच दिशी मुशीत. दुसऱ्या माणसानं बघता कामा न्हाई."

"वितळवता येणार नाही. एक तशीच ठेवायची आहे, एक पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची, लोखंड किती आहे ते मोजायला."

"कुणाच्या नावानं?"

"नमुना कुणी केला ते लिहावं लागतं."

त्यांनी ओपणी फडक्यात गुंडाळली आणि कपाळावरचा घाम त्याच फडक्याच्या टोकाने पुसला. घरी अम्मी म्हणाली, "बापाचं नाव नगं गे घालूस. सगळ्या ग्रुपवर हाय त्येंचं नाव." अब्बा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते. मी शेवटच्या गाडीने निघाले. स्टँडवर सोडायला आले नाहीत. पहिल्यांदाच.

१३ डिसेंबर, शनिवार. सातारा

मागे घेण्याचं पत्र पाचदा लिहिलं. एकात लिहिलं, "स्थानिक कारागिराकडून आलेल्या नमुन्यात." ते वाचून मलाच लाज वाटली. कारागीर कोण? ज्याने मला सायकलवर मागे बसवून शाळेत नेलं तो? पण नाव लिहिलं तर लोक एवढंच वाचतील की दस्तगीर शिकलगारच्या सोन्यात लोखंड निघालं. तीन दिवस ओपणी फिरवली, हे कोण वाचेल?

आणि न पाठवलं तर? कुणालाही कळणार नाही. हेही खरं आहे, आणि मी ते दिवसभर मनात घोळवत होते. लिहून ठेवते.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी तळघराच्या दारात अब्बा. विट्याहून पहिल्या एसटीने आलेले. मी काही विचारायच्या आत त्यांनी चपला बाहेर काढल्या. दादासो म्हणाले, "आवं राहू द्या, हितं काय द्येव न्हाई."

"माझी लेक हाय न्हवं हितं," अब्बा म्हणाले.

त्यांना मी कधी इथे आणलंच नव्हतं. टाकी दाखवली, मग टाकी उघडण्याआधीच्या एका सोमवारची रेघ. चष्मा लावून बघत राहिले. "ही जी हलती, ती माझ्या हातानं?"

"हो."

"सहा दिसाचं काम," ते म्हणाले. "आठ म्हैन्यांनी बी हलतंय."

दादासो खो खो हसले. "पावणं, कंपनीची बी एवढी ग्यारंटी न्हाई." अब्बाही हसले, जरासे. कालपासून आवळून धरलेलं माझं काहीतरी सुटलं आणि मी रडले. दोघंही दुसरीकडे बघत उभे राहिले.

मग अब्बांनी खिशातून फडकं काढून टेबलावर ठेवलं. "ह्येबी धाड पुण्याला."

"ओपणी? कशाला?"

"गोळीतलं लोखंड ह्याचंच हाय का दुसरं कुठलं, ह्ये त्येंनी बघाय नगं? टंच काढाय दोन्ही लागत्यात. येकावर काय कळतंय?"

हे मला सुचायला हवं होतं. मी म्हटलं, परत मिळेल न मिळेल, तुकडा कापावा लागेल कदाचित.

"कापू दे." टेबलावर पडलेला माझा पत्राचा कच्चा कागद त्यांनी वाचला. "आन् कारागीर लिहू नगस. गलाईवाला लिही. दस्तगीर बाबालाल शिकलगार. बाबालाल इसरू नगस, विट्यात दस्तगीर लय हायत."

जेवायला थांबले नाहीत. दादासोंनी त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडलं.

१५ डिसेंबर, सोमवार

नऊ वाजून दहा मिनिटांनी निबंध मागे घेतला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: "मोजलेली थरथर गुरुत्वाची असल्याचं आम्ही सांगू शकत नाही. नमुन्याच्या पृष्ठभागावर पोलादी ओपणीमुळे लोखंड आलं असावं. नमुना घडवणारे गलाईवाले दस्तगीर बाबालाल शिकलगार यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं. प्रश्न मी चुकीचा विचारला."

साडेदहाला पोस्टात गेले. एका डबीत गोळी, दुसरीत ओपणी, मध्ये कापूस. दोन्हींवर अब्बांचं पूर्ण नाव.

मग पोस्टाच्या पायरीवरूनच सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मागे काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"किती वाजता पाठवलंस?" सरांनी विचारलं.

"नऊ दहाला."

"आणि आत्ता अकरा वाजता मला विचारतेस?"

"विचारत नाही, सर," मी म्हटलं. "सांगते आहे."